इंग्रजीचीं जोडक्रियापदें व आपली बोली

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी मुलास लांबलचक शब्दांचें भय वाटतें, असा पालकांचा सर्वसाधारण समज असतो. आमचा अनुभव याच्या उलट आहे. 'पोस्टपोन' अथवा 'टॉलरेट' हे शब्द आमचे विद्यार्थी एकदां पाठ केले म्हणजे सहसा विसरत नाहींत. परंतु त्याच अर्थाचीं 'पुट ऑफ' व 'पुट अप विथ' हीं पदें पुढें आलीं कीं चांगला हुशार मुलगाहि गोंधळून जातो. 'पुट' म्हणजे ठेवणें हें त्यास ठाऊक असतें, 'अप' म्हणजे वर हेंहि ठाऊक असतें. पण या दोहोंच्या मिळणींतून 'सोसणें' हा अर्थ कोठून निघाला, हें कांहीं केल्या त्याच्या ध्यानांत येत नाहीं.

अशा क्रियापदांस इंग्रजींत 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. हेन्री ब्रॅडली या कोशकारानें सुचविलेलें हें नांव लोगन पिअरसॉल स्मिथ यांनीं १९२५ सालच्या आपल्या ग्रंथांत योजिलें. अडचण मात्र त्याहून पुष्कळ जुनी आहे. डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनीं १७५५ सालीं आपला प्रसिद्ध कोश काढला, त्याच्या प्रस्तावनेंतच त्यांनीं म्हटलें आहे कीं परकीयांस सर्वांत मोठी अडचण याच शब्दयोजनेची पडते. तेव्हां आमच्या मुलांनीं यापायीं स्वतःस मंदबुद्धि समजण्याचें कारण नाहीं.

आमचें म्हणणें याहून पुढचें आहे. ही रीत आपणांस मुळींच परकी नाहीं. अनसिंगच्या बाजारांत एकानें दुसऱ्यास 'काय करून राह्यला?' असें विचारलें, तर येथें राहण्याचा कांहींएक संबंध नसतो, हें लहान मूलहि जाणतें. पुण्याकडील नवखा मनुष्य मात्र तें ऐकून क्षणभर थबकतो. 'देऊन टाक' म्हटल्यानें कोणी वस्तु फेकीत नाहीं. 'नको तें बोलून बसला' असें आपण उभ्या असलेल्या माणसाविषयींहि म्हणतों. हे अर्थ आपण कोणत्या यादींतून पाठ केले? कोणत्याहि नाहीं. पुरें वाक्य कानीं पडत गेलें आणि अर्थ मनांत रुजला. वाशीम जिल्ह्यांतील तांड्यांवरचीं कित्येक मुलें घरीं गोरबोली बोलतात. मराठी ही त्यांची दुसरी भाषा. तरीहि तीं 'करून टाकलें' असें बिनचूक म्हणतात. जें त्यांस मराठींत साधलें, तें आपणां सर्वांस इंग्रजींत कां साधूं नये?

या क्रियापदांचे स्थूलमानानें तीन वर्ग पाडतां येतात. पहिल्या वर्गांत 'सिट डाउन', 'गो आउट' अशीं सरळ पदें येतात. 'खालीं बस', 'बाहेर जा' म्हणणाऱ्यास तीं अवघड नाहींत. दुसऱ्या वर्गांत 'अप' हा शब्द आपला मूळ अर्थ सोडून क्रिया पुरी झाल्याचें दाखवितो. 'ईट' म्हणजे खा, 'ईट अप' म्हणजे खाऊन टाक. येथें मराठीचें 'टाक' व इंग्रजीचें 'अप' एकच काम करितात. युरोपांतील हंगेरियन भाषेचें मराठीशीं किंवा इंग्रजीशीं कुळाचें नातें नाहीं. पण तींतहि 'एसिक' म्हणजे खातो, आणि आरंभीं 'मेग' जोडून 'मेगेसिक' म्हणजे खाऊन टाकतो. तिसरा वर्ग 'गिव्ह अप', 'लुक आफ्टर' अशांचा. यांची फोड करूं जाणें व्यर्थ होय. 'सोडून देणें', 'सांभाळणें' असे अखंड अर्थच घेतले पाहिजेत.

शब्दांच्या जागेविषयीं एक नियम ध्यानांत ठेवावा. 'पुट ऑफ द मीटिंग' व 'पुट द मीटिंग ऑफ' हीं दोन्ही रूपें शुद्ध आहेत. परंतु सर्वनाम आलें कीं तें मधेंच बसतें, म्हणून 'पुट इट ऑफ' असेंच म्हणावें. उलट 'लुक आफ्टर' हें पद कधीं फुटत नाहीं. तेथें 'लुक आफ्टर हिम' असेंच म्हणतात. आपल्याकडील दोन संवयींसहि जपावें. 'कोप विथ' यांत आपले लोक विनाकारण 'अप' घुसडतात. आणि कॉलेजांतून 'पास आउट' झालों असें आपण अभिमानानें सांगतों, तेव्हां इंग्लंडांतील मनुष्यास हा बेशुद्ध पडला कीं काय अशी शंका येते.

कित्येकांस हीं पदें हलकीं वाटतात व मोठा शब्द म्हणजेच विद्वत्ता असें वाटतें. अर्जांत 'पोस्टपोन' शोभतो, हें आम्हांस मान्य आहे. परंतु सी. के. ऑग्डेन यांनीं १९३० सालीं अवघ्या ८५० शब्दांची सोपी इंग्रजी रचिली, तींत क्रियापदें केवळ १८ ठेविलीं. 'पुट', 'टेक', 'गेट', 'गो' यांस लहान शब्द जोडले कीं शेंकडों क्रियापदांचें काम भागतें, म्हणूनच तें शक्य झालें.

महाराष्ट्रांत सन २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकविली जाते. दहा वर्षें ती भाषा शिकून आमचा विद्यार्थी अकोल्यास किंवा नागपुरास जातो, आणि तेथें कोणी 'फिल इट इन अँड हँड इट इन' असें सहज म्हटलें कीं गप्प उभा राहतो. त्यास कांहीं येत नाहीं असें इतर समजतात. याहून वाईट हें कीं तो स्वतःहि तसेंच समजूं लागतो. आम्हांस चिंता वाटते ती गुणांची नव्हे, या खचण्याची.

म्हणून विद्यार्थ्यांनीं मार्गदर्शक पुस्तकांतील लांब याद्या घोकूं नयेत. आठवड्यास पांचच पदें घ्यावीं. प्रत्येकाचें आपल्या घरचें, शेताचें, शाळेचें असें एक वाक्य रचावें व तें मोठ्यानें म्हणावें. आणि ज्या पालकांस इंग्रजी येत नाहीं, त्यांनीं आपण निरुपयोगी आहों असें मानूं नये. सायंकाळीं मुलास जवळ बसवून इतकेंच विचारावें, 'हें आपल्या बोलींत कसें म्हणशील?' त्यानें 'खाऊन टाक', 'सोडून दे' असें उत्तर दिलें, तर धडा समजला असें खुशाल जाणावें. वऱ्हाडी बोलणारी आई या कामीं कोणत्याहि कोशाइतकीच उपयोगी पडेल.