पाहुण्याला काय दाखवावे?

दिवाळीची सुट्टी लागली की इंदुरातल्या जुन्या मराठी घरी एखादा तरी पाहुणा उतरतो, आणि त्याला गाव दाखवण्याचे काम घरातल्या रिकाम्या माणसाकडे येते. संगीतशिक्षकाला सुट्टीत शिकवण्या नसतात. म्हणून यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याला घेऊन मीच निघालो.

आरंभ अर्थातच पोहे-जिलेबीने. वाफेवर ठेवलेले, बडीशेप घातलेले पोहे, वर शेव, कांदा, चिमूटभर जिरावण आणि शेजारी गरम जिलेबी. "मामा, तिखट आणि गोड एकदमच?" असे म्हणत त्याने नाक मुरडले खरे, पण दुसरी बशी त्यानेच मागितली.

मग राजवाडा. सात मजले, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. मी सवयीने इतिहास सांगू लागलो. १८०१, १९०८ आणि १९८४ अशा तीन आगी या वाड्याने सोसल्या. शेवटच्या आगीत मागचा भाग गेला, तो पुढे नव्याने बांधावा लागला. भाच्याने मध्येच विचारले, "आजोबा इथेच वाजवायचे ना? कुठल्या दालनात?"

मला सांगता येईना. वडील दरबारात सारंगीच्या साथीला होते. परंतु १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले तेव्हा ते अवघे वीस वर्षांचे होते, आणि माझा जन्म त्यांच्या पन्नाशीनंतरचा. दरबार मी पाहिलाच नाही. मी पाहिली ती आमची ओसरी. रोज संध्याकाळी वडील तेथे सारंगी जुळवीत, शेजारचे चार जण येऊन बसत आणि आई पोह्यांच्या बश्या बाहेर पाठवी.

दुपारी कृष्णपुऱ्याच्या छत्र्या झाल्या, लालबाग झाला. रात्री सराफा. दिवसा येथे सोन्याचांदीचा व्यवहार; दुकाने बंद झाली की त्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस, खोबऱ्याचे सारण भरलेले पॅटिस, थंडी पडू लागल्याने नुकताच आलेला तळलेला गराडू. वाफेवरच्या साबुदाण्याच्या खिचडीवर फराळी चिवडा पाहून पुणेकराने वाद घातला. तोही खाता खाताच.

त्या गर्दीत माझ्या मनात आले की, राजवाडा जळाला, दरबार गेला, पण या कढया विझल्या नाहीत. कारण त्यांचा आश्रयदाता एक नव्हता. रोज रात्री येणारे सारे गाव होते. आपण मराठी मंडळी मात्र गाण्याची गोष्ट निघाली की 'संस्थान गेले आणि सारे गेले' असा उसासा टाकतो. तो अर्धाच खरा आहे. उस्ताद अमीरखाँ याच गावात वाढले. त्यांचे वडील शाहमीरखाँ होळकर दरबारात सारंगिये होते. पण त्यांच्या घरीही मोठमोठ्या गवयांच्या बैठका होत आणि लहानपणी मुलाच्या कानांवर ते गाणे पडे. दरबाराने वेतन दिले. कान घडवला तो घरातल्या बैठकीने.

घरी परतल्यावर भाचा म्हणाला, "मामा, आजोबांची सारंगी दाखवा ना." कपाट उघडले. तरफेच्या तारा गंजलेल्या, तातीची एक तार तुटलेली. मी गाणे शिकवतो ते फी घेऊन, घड्याळ लावून. ओसरीवर आता माझी स्कूटर उभी असते. दोष ना सरकारचा, ना काळाचा, तो माझाच. आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरी तंबोरा गवसणीत घालून माळ्यावर ठेवला असेल, त्यांनी यातला आपला वाटा खुशाल उचलावा.

यासाठी मोठे सभागृह लागत नाही, अनुदानाचा अर्जही लागत नाही. महिन्यातून एक संध्याकाळ, एक सतरंजी, शिकणारी दोन मुले आणि ऐकणारे चार शेजारी एवढे पुरे. मुलगा चुकेल, बेसूर होईल, होऊ द्यावे. पोहेही पहिल्यांदा कोणाला साधले आहेत?

सारंगी दुरुस्तीला दिली आहे. स्कूटर अंगणात लावली आहे. येत्या शनिवारी संध्याकाळी माझे दोन विद्यार्थी आमच्या ओसरीवर यमन गाणार आहेत. नंतर पोहे आहेत. भाचा त्यासाठी दोन दिवस राहिला आहे.