विमानतळाच्या पाटीवर शेतकऱ्याचं नाव कशाला?



बारामतीच्या विमानतळाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येतं, "इथनं विमानं सुरू झाली की शेतकऱ्याचा माल थेट दुबईला." टाळ्या पडतात, हिशेब कुणी विचारत नाही. तो आज मांडू.

छोट्या धावपट्टीवर नियमित सेवा आलीच तर ती एटीआर 72 सारख्या विमानाची. सत्तरेक माणसं, त्यांच्या बॅगा, आणि उरलेल्या जागेत टनाच्या आसपास माल. द्राक्षाचा एक रीफर कंटेनर बारा-तेरा टनांचा असतो. शिवाय हे विमान एका दमात दुबईला पोचतच नाही, तेवढा त्याचा पल्ला नाही. म्हणजे माल मुंबईत उतरवा, परत चढवा. त्यापेक्षा रात्री भरलेली रीफर गाडी सकाळी मुंबईत असते.

लांबच्या बाजाराचंही बघा. मार्च 2025 मध्ये सुमारे 14 टन भगवं डाळिंब अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर पोचलं ते जहाजानं. आधी हा माल विमानानं जायचा. भाडं परवडावं म्हणून समुद्राची वाट धरली. आणि आपण उलटं आभाळाकडं बघत बसलोय!

विमानानं जातो तो नाजूक माल. भेंडी, मिरची, फुलं. तो खराब होतो बांधावर. तोडणी झाल्यावर उन्हात पडलेले क्रेट, प्री-कूलिंग नाही, त्यात विजेचा खेळ. औषधाचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले तर विमान कितीही जोरात गेलं तरी माल नाकारलाच जाणार.

मग विमानतळ नको का? करा की. एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागतो, वैमानिक घडवणाऱ्या संस्थांना लागतो. पण तसं सरळ सांगा. 2009 मध्ये बारामतीसह नांदेड, लातूर, उस्मानाबाद, यवतमाळचे विमानतळ रिलायन्सच्या कंपनीला लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यानं दिले, तेव्हाही विकासाचीच भाषा होती. बारामतीत वाढलं ते प्रशिक्षण. ऑक्टोबर 2023 मध्ये चार दिवसांत प्रशिक्षणाची दोन विमानं या परिसरात कोसळली. ज्यांच्या रानावरनं ती रोज घिरट्या घालतात त्यांना कुणी काय विचारलं?

सोलापूरही विसरू नका. विमानाला अडथळा म्हणून 15 जून 2023 ला सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी पाडली. गोव्याचं विमान उडालं जून 2025 मध्ये. चिमणी सभासदांची होती, तिकीट किती सभासदांनी काढलं?

आपलं मागणं तीन गोष्टींचं असावं.

1. तोडणीपासून दोन-तीन तासांत माल थंड होईल अशी गटागटानं प्री-कूलिंगची सोय, आणि तिला पूर्ण दाबाची वीज.
2. अवशेष तपासणीचा अहवाल तोडणीच्या आधी हातात, रास्त दरात.
3. धावपट्टी वाढवायची किंवा उंचीचे निर्बंध लावायचे तर आधी त्या गावांच्या ग्रामसभा, विहीर-पाइपलाइन-झाडांसकट मोबदला, आणि सगळं लेखी.

हे झालं की विमान खुशाल उडवा, आम्हीही बघायला येऊ. पण आमच्या नावावर पैसा आणायचा आणि आमचा माल उन्हातच ठेवायचा, हे चालायचं नाही.

माझा हिशेब चुकत असेल तर आकड्यानिशी सांगा. पुढाऱ्याचं भाषण पाठवू नका.