गाडी कंपनीची, हप्ता माझा

पोस्ट थोडी लांब आहे. पण ज्यांच्या ऑफिसात आत्ता 'कार लीज'चा मेल फिरतोय त्यांनी तरी पूर्ण वाचा.

हिंजवडीत ज्या कंपनीत मी नऊ वर्षं होतो, तिथे अडीच वर्षांपूर्वी एचआरने आम्हाला एका खोलीत बसवून योजना समजावली. गाडी कंपनी लीजवर घेणार, भाडं तुमच्या पगारातून जाणार, तेही टॅक्स कापायच्या आधी. टॅक्ससाठी गाडीची किंमत धरायची ती ठरलेली, तेव्हा लहान इंजिनाला महिना १८०० रुपये होती. नव्या करप्रणालीत एचआरए गेला, ८०सी गेलं, पण हे उरलं. त्यामुळे खोलीतल्या निम्म्या लोकांनी तिथल्या तिथे सही केली. मीही केली.

माझं भाडं २५,५०० रुपये, मुदत ४८ महिने. टॅक्स वाचायचा महिन्याला साधारण सात हजार चारशे. खोटं कशाला बोलू, २८ महिन्यांत दोन लाखांच्या वर वाचले. योजना फसवी आहे असं माझं म्हणणं नाहीच.

एकोणतिसाव्या महिन्यात मॅनेजरने बोलावलं. प्रोजेक्ट बंद. "तुम्ही राजीनामा द्या, म्हणजे रिलीव्हिंग लेटर स्वच्छ येईल." आयटीत ही भाषा सगळ्यांना कळते. काढत कोणी कोणाला नाही, सगळे आपणहून जातात! मी राजीनामा टाकला आणि चौथ्या दिवशी मेल आला: लीज बंद करण्यासाठी ६ लाख १२ हजार भरा, नाहीतर गाडी परत करा आणि दंड भरा. तोवर फुल अँड फायनल थांबेल.

बँकेत गेलो. पर्सनल लोनसाठी शेवटच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप आणि चालू नोकरीचा पुरावा मागितला. पुरावा असता तर लोन कशाला लागलं असतं? जुन्या गाड्यांच्या डीलरने साडेपाच लाख सांगितले, पण गाडी माझ्या नावावर नाही, म्हणजे विकायलाही आधी पैसे भरायचेच. शेवटी बाबांच्या निवृत्तीच्या पैशातली एफडी मोडली. ते काही बोलले नाहीत. मला ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

माझा खरा मुद्दा पुढे आहे. २८ महिने आयकर खात्याला काय सांगितलं? गाडी कंपनीची, भाडं कंपनीचं, हा पगार कर्मचाऱ्याच्या हातात गेलाच नाही. आरसीवर नाव माझं नाही. कंपनीच्या नावावरची गाडी म्हणून महाराष्ट्रात रोड टॅक्सही जास्त लागला, आणि तो भाड्यात मिसळून मीच भरला. विमा माझ्या नावावर नसल्याने नो क्लेम बोनससुद्धा माझा नाही. मग नोकरीच्या शेवटच्या दिवशी तीच गाडी एकदम माझं कर्ज कशी झाली? फायदा थेंबाथेंबाने मिळतो आणि बिल मात्र एकरकमी येतं, तेही नेमकं पगार बंद होतो त्या दिवशी.

इंग्लंडमध्ये अशा योजनेला सॅलरी सॅक्रिफाइस म्हणतात. नाव तरी प्रामाणिक आहे, पगाराचा त्याग! तिथे असा त्याग करून पगार किमान वेतनाखाली नेता येत नाही. गाड्यांच्या बऱ्याच योजनांत नोकरी गेली तर काय, याचं संरक्षणही आत असतं. आपल्याकडे पॉलिसीत एकच शब्द होता, 'सेपरेशन'. नवी नोकरी मिळाली म्हणून गेलेला आणि खुर्चीवरून उठवलेला, दोघांना एकच नियम.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता लागू झाली. नोकरी सुटली, मग ती राजीनाम्याने असो की कपातीने, दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब द्यायचा असं त्यात आहे. पगारातून एकूण कपात निम्म्यापेक्षा जास्त नको असंही आहे. मी हे लिहून विचारलं तर उत्तर आलं की लीज ही कपात नाही, पगाराची रचना आहे. बरं, रचना आहे तर पगार संपल्यावर ती रचनाही संपायला हवी की नको? याला उत्तर नाही आलं. कामगार आयुक्तांकडे अर्ज दिलाय, बघू.

सही करणार असाल तर एक करा. कितव्या महिन्यात सोडल्यास किती भरावे लागतील, याचा पूर्ण तक्ता आधी लेखी मागा. "पॉलिसीत आहे" हे उत्तर घेऊ नका. कंपनीने कमी केलं तर उरलेलं कोण भरणार, हेही मेलवरच विचारा. दहा जणांनी एकत्र विचारलं तर एचआरला उत्तर द्यावं लागतं, एकट्याला नाही देत. आणि नवी कंपनी लीज पुढे चालवून घेईल असं कोणी म्हणालं तर हसून सोडून द्या, मला अजून तशी कंपनी भेटलेली नाही.

गाडी खाली पार्किंगमध्ये उभी आहे. पैसे भरून सात आठवडे झाले, आरसी अजून नावावर नाही. फॉर्म २९ आणि ३० वर कंपनीची सही लागते, आणि ज्यांना सहीचा अधिकार होता त्यांनीही गेल्या महिन्यात 'आपणहून' राजीनामा दिलाय.