वैऱ्याच्या मनगटावर

यंदाच्या अंकासाठी वैर हा विषय ठरला तेव्हा पहिली हरकत संपादक मंडळातूनच आली. दिवाळीत हे कशाला? फराळाच्या ताटाशेजारी अंक उघडणाऱ्या वाचकापुढे सूड आणि शत्रुत्व का वाढायचं? हरकत रास्त होती. पण दिवाळी मुळात वैराच्या गोष्टींनीच भरलेली आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण तुळशीपाशी कारीट पायाखाली चिरडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि नरकासुर मेला म्हणून दिवे लावतो. पाठोपाठ पाडवा येतो आणि त्याच घरांत बळीच्या राज्याची आस धरली जाते. वामनाने पाताळात घातलेल्या राजाला मराठी शेतकरी आजही परत बोलावतो आहे. एक वैरी मेलेला, दुसरा हरलेला आणि हरल्यावर आपलासा झालेला.

पण जो वैरी मेलेला नाही, हरलेलाही नाही, रोज समोर येतो, ज्याने आपलं कधीही भरून न निघणारं काही हिरावून घेतलं आहे, त्याचं काय करायचं? गालीलच्या डोंगरउतारावर येशूने लोकांना जे सांगितलं ते याच वैऱ्याबद्दल होतं. त्याच्यावर प्रेम करा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

हे वचन आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की त्याची धार कळेनाशी होते. ती कळायची तर ऐकणारे कोण होते ते पाहावं लागतं. गालील रोमच्या टाचेखाली होता. इसवी सनपूर्व 4 च्या सुमारास हेरोद राजा मेल्यावर तिथे उठाव झाला. सिरियाचा रोमन सुभेदार वारुस याने तो चिरडला, सेफोरिस शहर जाळलं, तिथल्या लोकांना गुलाम केलं आणि देशभरात मिळून सुमारे 2000 बंडखोरांना क्रुसावर चढवलं, असं इतिहासकार जोसेफसने लिहून ठेवलं आहे. सेफोरिस नासरेथपासून पायी तासा-दीड तासावर. येशूचं लहानपण याच मुलखात गेलं. त्याच्यासमोर बसलेल्यांत कुणाचा काका, कुणाचा भाऊ त्या लाकडांवर गेलेला असणार. रस्त्याने जाणारा रोमन शिपाई कुणालाही थांबवून आपलं ओझं मैलभर वाहायला लावू शकत असे. अशा माणसांना येशू सांगतो की एक मैल जबरदस्तीचा, दुसरा स्वतःहून चाला. शत्रू हा शब्द त्या डोंगरावर कुणालाच समजावून सांगावा लागला नसेल.

त्याने दिलेलं कारणही विलक्षण आहे. देव ऊन पाडताना आणि पाऊस पाठवताना सज्जनाचं शेत आणि दुर्जनाचं शेत असा भेद करत नाही, तुम्ही त्याची लेकरं असाल तर तुम्हीही करू नका. जे आपल्यावर प्रेम करतात त्यांच्यावर प्रेम करण्यात काय मोठं, तेवढं तर जकातदारही करतात, असंही तो म्हणाला. जकातदार म्हणजे परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांची लूट करणारा. आणि येशूच्या बारा शिष्यांत मत्तय नावाचा असा एक जकातदार होता, तसाच शिमोन नावाचा एक जहालही होता. त्या दोघांना एका पंगतीला बसवणाऱ्या माणसाने हे प्रवचन केलेलं आहे, हे आम्हांला फार मोलाचं वाटतं.

दुसरा गाल पुढे करण्याचा उपदेश आपल्याकडे बहुधा नेभळटपणाचा नमुना म्हणून सांगितला जातो. शुभवर्तमानात उजव्या गालाचा उल्लेख आहे, याकडे काही अभ्यासकांनी लक्ष वेधलं आहे. उजव्या हाताने समोरच्याच्या उजव्या गालावर मारायचं तर हाताच्या पाठीमागच्या बाजूने मारावं लागतं. तशी चपराक मालक गुलामाला देतो, वरचा खालच्याला देतो. डावा गाल पुढे करणारा सांगत असतो की मारायचंच असेल तर बरोबरीच्या माणसाला मारतोस तसं मार. हा अर्थ सगळ्यांना मान्य आहे असं नाही. आम्हांला तो पटतो, कारण या शिकवणुकीनुसार जगलेली जी माणसं आम्हांला ठाऊक आहेत त्यांच्यातलं कुणीही नेभळट नव्हतं.

सिस्टर राणी मारिया केरळातल्या पुल्लुवळीच्या. 1954 चा जन्म, शेतकरी घर. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट या संघाची धर्मभगिनी होऊन त्या उत्तरेत आल्या आणि 1992 पासून मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला राहू लागल्या. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या जमिनी आणि पिकं सावकाराच्या वहीत अडकलेली होती. बँकेचं कर्ज कसं मिळतं, सरकारी योजना कोणत्या, अर्ज कुठे द्यायचा, हे राणी मारिया त्यांना शिकवू लागल्या. गट बांधले, बचत सुरू केली. माणसं सावकाराच्या दारात जाईनाशी झाली तसं ज्यांचं बिनसायचं त्यांचं बिनसलं. 25 फेब्रुवारी 1995 रोजी त्या बसने इंदूरला निघाल्या होत्या. नाचनबोरच्या टेकड्यांजवळ समंदरसिंग नावाच्या तरुणाने बसमध्येच सुरा काढला, त्यांना खाली ओढलं आणि भोसकत राहिला. अंगावर 54 जखमा होत्या. बस माणसांनी भरलेली होती. कुणी मध्ये पडलं नाही. त्या 41 वर्षांच्या होत्या.

समंदरसिंगला जन्मठेप झाली. आपल्याला ज्याने या कामाला लावलं असं तो म्हणत होता, तो गावातला बडा माणूस न्यायालयातून सुटला. मग समंदरसिंगच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून राहिली: बाहेर पडायचं आणि त्याला संपवायचं.

स्वामी सदानंद नावाचे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटायला जाऊ लागले. राणी मारियाची धाकटी बहीण सिस्टर सेल्मी पॉल हीसुद्धा त्याच संघातली. 2002 च्या राखीपौर्णिमेच्या सुमारास ती इंदूरच्या तुरुंगात गेली आणि तिने समंदरसिंगच्या हाताला राखी बांधली.

मधली सात वर्षं आम्हांला फार महत्त्वाची वाटतात. खून 1995 चा, राखी 2002 ची. या वर्षांत त्या बहिणीच्या मनात काय काय झालं असेल याचा हिशेब आपल्याला कधी मिळणार नाही आणि तो मागायचा आपल्याला अधिकारही नाही. एवढं मात्र दिसतं की ही एका क्षणाची लाट नव्हती. येशूने प्रेमाची आज्ञा दिली, ते कोणत्या तारखेपर्यंत जमलं पाहिजे हे सांगितलं नाही. आणि ते प्रेम मनातल्या मनात ठेवून चालत नाही. त्यासाठी उठून गाडी पकडावी लागते, तुरुंगाच्या दारात नाव लिहावं लागतं, आणि ज्या हाताने आपल्या माणसाचा जीव घेतला तो हात धरून त्याला गाठ मारावी लागते. राखी कुणाला बांधतात हे या देशात कुणाला सांगायला नको. सेल्मीने खुन्याला माफ केलं एवढंच म्हणणं अपुरं आहे. बहिणीला मारणाऱ्याला तिने भाऊ केलं, म्हणजे उद्या त्याची काळजीही आपल्यावर आहे हे मान्य केलं.

ती काळजी तिने आणि घरच्यांनी घेतलीही. त्याला सोडावं म्हणून राणी मारियाच्या कुटुंबाने आणि तिच्या संघाने सरकारकडे अर्ज केला आणि 2006 मध्ये तो सुटला. पुढे तो पुल्लुवळीला राणी मारियाच्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटायला गेला. त्यांनी त्याला घरात घेतलं. त्याच्या हातांना आपल्या लेकीचं रक्त लागलं आहे, म्हणून त्या हातांचं चुंबन घ्यावंसं वाटतं, असं त्या माउलीने बोलून दाखवलं होतं. या वाक्यापुढे आमची सगळी तर्कबुद्धी थांबते.

अशा गोष्टी सांगताना एक धोका असतो. ऐकणारा हळवा होतो आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याकडे वळून म्हणतो, बघा, असं वागायला हवं. हे आम्हांला मुळीच मान्य नाही. समंदरसिंग सुटला त्याच 2006 साली, 29 सप्टेंबरला, भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावकऱ्यांच्या जमावाने मारलं. त्या कुटुंबातला मागे उरलेला बाप न्यायासाठी झगडत राहिला आणि 2017 मध्ये झगडतच गेला. त्याला कुणी शत्रुप्रेमाचा धडा दिला असता तर ती दुसरी हिंसा ठरली असती. हा उपदेश ज्याला जखम झाली त्याने स्वतःला करायचा असतो. गावाने, सरकारने, धर्मसंस्थेने किंवा दिवाळी अंकाने तो दुसऱ्याला करायचा नसतो. येशू तो करू शकला कारण तो स्वतः त्याच क्रुसाच्या वाटेवर होता.

राणी मारियाचीही गोष्ट सावकारांपुढे हात जोडल्याची नाही. तिने त्यांचं कर्जाचं जाळं तोडलं, म्हणून तर ती मारली गेली. आमच्या वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंचं उदाहरण मराठी वाचकाला अधिक जवळचं आहे. हिरव्या वसईवर बिल्डर आणि गुंड तुटून पडले तेव्हा ते रस्त्यावर उतरले होते. त्यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा धर्मगुरू म्हणून त्यांना विरोध झाला, धमकीचे फोन आले. ते संमेलनाला गेले आणि तुकोबा-ज्ञानोबांविषयीचं आपलं प्रेम सांगत राहिले. जुलै 2024 मध्ये ते गेले. अन्यायाशी भांडावं आणि अन्याय करणाऱ्याचा द्वेष करू नये, हे दोन्ही एका माणसाला जमतं याची खूण म्हणून आम्हांला त्यांची आठवण येते.

आणि कायद्याचं काय? 22 जानेवारी 1999 च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची 10 आणि 6 वर्षांची दोन मुलं जीपमध्ये झोपलेली असताना जमावाने जीप पेटवली. ग्रॅहम यांची पत्नी ग्लॅडिस स्टेन्स हिने मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं सांगितलं आणि बारीपाड्याच्या कुष्ठरोगी आश्रमाचं काम ती 2004 पर्यंत तिथेच राहून करत राहिली. तिच्या क्षमेने खटला थांबला नाही. मुख्य आरोपीला जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये ती कायम केली. क्षमा ग्लॅडिसची होती, शिक्षा राज्याची. दोन्ही आपापल्या जागी राहिल्या आणि एकीने दुसरीला खोटं पाडलं नाही.

ज्या धर्माने हे शिकवलं त्याने ते पाळलं का, हा प्रश्नही टाळता येणार नाही. क्रुसाचं चिन्ह अंगावर घेऊन जेरुसलेमपर्यंत सैन्यं गेली. आपल्या शेजारी गोव्यात 1560 ते 1812, मधला थोडा काळ सोडला तर, इन्क्विझिशन चाललं. ज्यांची घरंदारं, देवळं आणि भाषा त्या काळात चेपली गेली त्यांना गिरिप्रवचन ऐकवायला कोणत्या तोंडाने जायचं? शिकवण उंच आणि अनुयायी खुजे, हे सगळ्याच धर्मांत घडलं आहे, पण म्हणून या अपराधाचं वजन कमी होत नाही.

मराठी मनाला ही शिकवण परकी वाटायचं कारण नाही. ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांना समाजाने जगू दिलं नाही, मुलांना वाळीत टाकलं. त्या मुलाने ग्रंथाच्या शेवटी देवाकडे मागणं मागितलं ते दुष्टांच्या नाशाचं नव्हे, त्यांच्यातल्या दुष्टपणाच्या नाशाचं, आणि पुढे त्यांना सत्कर्माची गोडी लागावी याचं. विनोबांना गीतेवर बोलून झाल्यावर ‘ख्रिस्तधर्म-सार’ सिद्ध करावंसं वाटलं, यात आम्हांला काहीच नवल वाटत नाही. पसायदान आपण लग्नाकार्यात, शाळेत, सभेच्या शेवटी म्हणतो. त्यातलं ते मागणं म्हणताना एखाद्या ठरावीक माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणून पाहावा. मग ते किती अवघड आहे ते कळतं.

या अंकात कथा आहेत, पत्रं आहेत, भाऊबंदकीच्या कोर्टकचेऱ्यांच्या हकिकती आहेत, दोन घरांतली बंद दारं आहेत. काही लेखकांनी क्षमेच्या बाजूने लिहिलं आहे, काहींनी ठामपणे विरोधात. सगळ्यांचं आम्ही मनापासून छापलं आहे. आमचं स्वतःचं म्हणणं मात्र झाकून ठेवायचं नाही. सूड घेणाऱ्याला न्याय मिळतो असं आम्हांला कुठे दिसलेलं नाही. पुढच्या सुडाला वारस मिळतो एवढंच दिसलं आहे. आणि तो वारसा कुणीतरी, ज्याला तो घ्यायचा पूर्ण हक्क होता अशा कुणीतरी, नाकारला की काय होतं ते पुन्हा समंदरसिंगकडे पाहून कळतं.

4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारियाला चर्चने ‘धन्य’ घोषित केलं. त्या लौकिकाहून मोठी वाटते ती त्याआधीची अकरा वर्षं. तुरुंगातून सुटल्यावर समंदरसिंग गावी परतला आणि शेती करू लागला. उदयनगरला राणी मारियाच्या कबरीपाशी तो जात राहिला. ज्या माणसाला मारायचं ठरवून त्याने तुरुंगातले दिवस मोजले होते, त्याच्यावर त्याने हात उचलला नाही.