नॉनस्टिक तव्याची निगा

नॉनस्टिक तव्यावर आंबोळी थेंबभर तेलात सुटते, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु बिडाच्या तव्याच्या सवयी त्यास मानवत नाहीत. नवा तवा कोमट पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचा हलका हात फिरवावा. तो रिकामा मोठ्या आचेवर कधीही ठेवू नये. सुमारे २६० अंश सेल्सिअसच्या पुढे लेप बिघडू लागतो, आणि तवा फारच तापला तर निघणाऱ्या वाफांनी पिंजऱ्यातील पोपटाचा प्राणही जातो. म्हणून कडक फोडणी आम्ही लोखंडी पळीतच करतो. उलथणे लाकडी असावे. तापल्या तव्यावर पाणी शिंपडण्याचा आपला जुना रिवाज येथे सोडावा. त्याने पत्रा वाकतो. तारेची घासणी तर नकोच! लेपाचे पापुद्रे सुटू लागताच, कितीही महाग असला तरी, तवा टाकून द्यावा.