अनोळखी माणसाचे देणे



आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत एक प्रश्न वरचेवर असतो. "आम्हाला लिहायचे आहे. पण शिक्षण जेमतेम, घरात कोणी लेखक नाही, कोणाची ओळख नाही. लेखक व्हायला काय करावे?" हे विचारणाऱ्यांत बारावीत शिकणारी मुलगी असते, कंपनीत साफसफाईचे काम करणारी ताई असते, रिक्षा चालवणारा भाऊ असतो. भरपूर वाचा आणि रोज लिहा, हे उत्तर त्यांना ठाऊकच असते. ते खरेही आहे. पण त्याच्याही आधीची एक पायरी आहे. तिच्याविषयी आज बोलू.

लिहिणाऱ्या माणसाला कधी तरी, कुठे तरी एका अनोळखी माणसाने हात दिलेला असतो. नात्यातल्या माणसाने केले तर आपण त्याला कर्तव्य म्हणतो. परक्याने केले की त्याचे कारण सापडत नाही. याने आपल्यासाठी हे का केले, हा प्रश्न मनात घर करून राहतो. त्याचे उत्तर शोधता शोधता माणूस लिहू लागतो, असे आम्हाला वाटते.

उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. साल १९२६. गंगाराम सुर्वे नावाच्या एका कामगाराला गिरणीबाहेर टाकून दिलेले तान्हे मूल दिसले. कोणाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या धर्माचे, काही ठाऊक नाही. गंगारामांनी ते उचलले आणि घरी नेले. त्यांच्या पत्नी काशीबाई, त्याही गिरणीतच कामाला. दोघांनी त्या मुलाला पोटच्या पोरासारखे वाढवले, स्वतःचे नाव दिले, शाळेत घातले.

आपल्यातल्या पुष्कळांनी गिरणगाव पाहिला आहे. एका खोलीत किती माणसे राहत, पगार किती आणि देणी किती, हे तुम्हाला सांगायला नको. "आपल्याच खायची भ्रांत, त्यात हे कुठे घेऊ?" असे म्हणून गंगाराम पुढे गेले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. पाळीला जायचे होते, उशीर झाला, एवढे कारणही पुरले असते. पण ते थांबले.

१९३६ साली गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणात गेले. चौथीपर्यंत शिकलेला तो मुलगा मुंबईतच राहिला. फूटपाथवर झोपला, हॉटेलात पोऱ्या म्हणून राबला, लोकांच्या घरी घरगडी झाला, गिरणीत कामाला लागला. पुढे महापालिकेच्या शाळेत शिपाई झाला. मोठेपणी सातवीची परीक्षा दिली आणि १९६१ मध्ये शिक्षक झाला. १९६२ मध्ये 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्याचा कवितासंग्रह आला, १९६६ मध्ये 'माझे विद्यापीठ'. १९९५ साली परभणीला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्याच्याकडे आले, १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. हे कवी नारायण सुर्वे. १६ ऑगस्ट २०१० रोजी ते गेले.

गंगाराम सुर्वे यांच्या नावावर एकही पुस्तक नाही. पण त्या प्रत्येक पुस्तकावर जे 'सुर्वे' हे आडनाव छापले आहे, ते त्यांचे आहे. आणि नारायण सुर्व्यांच्या कवितेत कोण आहेत, ते पाहा. गिरणी कामगार, हमाल, रस्त्यावरची पोरे, शरीर विकून जगणाऱ्या बाया. ज्यांच्याकडे बघून लोक मान फिरवतात, त्यांच्याजवळ हा कवी थांबला. जसे त्याच्याजवळ कोणी तरी थांबले होते.

बाबासाहेबांच्या बालपणात तर अनोळखी माणसांची दोन्ही रूपे दिसतात. १९०१ च्या सुमारास लहानगा भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाला होता. मसूर स्टेशनवर न्यायला कोणी आले नव्हते. आधी आपुलकीने चौकशी करणाऱ्या स्टेशनमास्तरचा चेहरा जात कळताच बदलला. गाडीवाले दुप्पट भाडे देऊनही तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तोही मुलांनी गाडी हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर. डब्यात जेवण होते, पण प्यायला पाणी मिळेना. पोरांनी ती रात्र तहानेने काढली. पुढे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हे सारे लिहून ठेवले.

त्यानंतर काही वर्षांनी मुंबईत चर्नी रोडच्या बागेत दुसरी एक अनोळखी व्यक्ती भेटली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर, शिक्षक आणि लेखक. बागेत नेमाने वाचत बसणारा मुलगा त्यांनी पाहिला. आपणहून विचारपूस केली, वाचायला पुस्तके दिली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला तेव्हा स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे महाविद्यालयाच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून खटपट करणारेही तेच. त्या एका पुस्तकाचा प्रवास कुठवर गेला, हे आपल्या घरात कोणाला सांगायला हवे?

मसूरचा तो स्टेशनमास्तर आणि बागेतले केळुसकर, दोघेही अनोळखीच. दोघांसमोर मुलगाही तोच. एकाने जात पाहिली, दुसऱ्याने हातातले पुस्तक पाहिले. बाबासाहेबांनी दोघांनाही लक्षात ठेवले. लेखणीत धार आली ती पहिल्यामुळे, आणि माणसावरचा विश्वास टिकला तो दुसऱ्यासारख्यांमुळे, असे आम्ही समजतो.

एवढ्या मोठ्यांच्या पंगतीत बसायची आमची योग्यता नाही. पण पायरी तीच, म्हणून आमचेही थोडे सांगतो.

आमचे बालपण वरळीच्या बी.डी.डी. चाळीत एका खोलीत गेले. वडील गिरणीत. घरात बाबासाहेबांची तसबीर होती, बुद्धवंदनेची पुस्तिका होती आणि आमची शाळेची पुस्तके. यापलीकडे छापील कागद म्हणजे किराणा बांधून आलेला. शाळेच्या वाटेवर एका रद्दीवाल्याचे दुकान होते. माणूस उत्तरेकडचा, मराठी वाचता न येणारा. आम्ही दुकानासमोर उभे राहून गठ्ठ्यातली वरवरची पाने वाचत असू. एक दिवस त्याने एक गठ्ठा ओढून बाजूला ठेवला आणि म्हणाला, "बैठ के पढ. लेकिन फाडना मत."

पुढची दोन वर्षे आम्ही त्या गठ्ठ्यावर बसून वाचले. दिवाळी अंक, कव्हर फाटलेल्या कादंबऱ्या, जुनी साप्ताहिके. किलोवर विकायचा माल होता तो. त्याने आमच्याकडून कधी पैसा घेतला नाही, नावही विचारले नाही. तोलताना एखादे पुस्तक बरे दिसले तर बाजूला काढून ठेवी. त्याला ते वाचता येत नव्हते, तरी चित्रावरून आणि जाडीवरून अंदाज बांधी. आज 'परप्रांतीय' हा शब्द कोणी शिवीसारखा वापरला की आम्हाला तो गठ्ठा आठवतो. आम्हाला मराठी साहित्य दाखवले, ते मराठी न येणाऱ्या माणसाने.

दुसरा धडा १९८२ सालचा. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर होते. महिन्यांमागून महिने गेले. पुष्कळ माणसे गावी निघून गेली, आणि चाळीत पत्रे लिहून घेणाऱ्यांची रीघ लागली. आमचे अक्षर बरे, म्हणून बायका आमच्याकडे येत. एक मावशी पलीकडच्या चाळीतून यायची. आमची ना ओळख, ना नाते. पोस्टकार्ड पुढे करायची आणि म्हणायची, "लिही बाळा, इकडे सर्व खुशाल आहे. पोरं शाळेत जातात. काळजी करू नका." आम्ही लिहायचो. पोरगा तिच्याबरोबरच आलेला असे, शाळेच्या वेळेत. तिच्या गळ्यातली पोत आधी बारीक झाली, मग दिसेनाशी झाली. पत्रात मात्र खुशाली तीच.

एकदा आम्ही आईला म्हणालो, "ती मावशी खोटं लिहायला सांगते." आई भाकरी थापत होती. ती म्हणाली, "खोटं नाही सांगत. नवऱ्याचा जीव राखते. आणि हे बघ, तू जे कागदावर लिहितोस ते दुसऱ्याचं आहे. चाळीत बोलायचं नाही."

आमची आई चौथीही शिकलेली नव्हती. पण लेखकाला लागणाऱ्या दोन गोष्टी तिने त्या एका वाक्यात सांगितल्या. माणूस जे बोलतो त्याच्या मागे काय आहे ते ऐकावे. आणि दुसऱ्याचे दुःख ही आपली मालमत्ता नाही, हे ध्यानात ठेवावे. आज मोबाइल काढून कोणाच्याही रडत्या चेहऱ्याचे चित्र घेणारे पाहिले की आईचे बोल पुन्हा ऐकू येतात. ज्याच्याविषयी लिहायचे त्याची अब्रू आधी आपल्या पदरात घ्यावी लागते. मगच लेखणी उचलावी.

आम्हीही ती गोष्ट इतकी वर्षे कुठे छापली नाही. आज लिहिली, तीही नावगाव गाळून.

दयाबुद्धी आणि मैत्री यांत फरक आहे, तो इथे सांगितला पाहिजे. दया वरून खाली येते. देणारा उंच बसतो आणि घेणाऱ्याने मान खाली घालायची असते. आपल्या समाजाने असली दया पिढ्यानपिढ्या पाहिली आहे. वरून ओंजळीत ओतलेले पाणी आणि लांबून टाकलेली भाकर आपले वाडवडील विसरले नाहीत. बुद्धाने शिकवलेली मैत्री सारख्या उंचीवरची. केळुसकरांनी पुस्तक हातात दिले, फेकले नाही. रद्दीवाल्याने बसायला जागा दिली. मदत करताना समोरच्याची मान ताठ राहते की नाही, एवढी एकच कसोटी लावावी.

ही कसोटी आजही रोज समोर येते. २०२० च्या टाळेबंदीत कामगार पायी गावाकडे निघाले, ते आपण पाहिले. ८ मे २०२० च्या पहाटे औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याच्या कारखान्यात राबणारी, मध्य प्रदेशातली माणसे. रुळांवर विखुरलेल्या पोळ्यांचे चित्र देशाने पाहिले. त्याच दिवसांत महामार्गावर घराच्या ओसरीत पाण्याचे हंडे भरून ठेवणारी, पिठले-भाकरी बांधून देणारी साधी माणसेही होती. पुष्कळांच्या स्वतःच्या घरी तेव्हा पगार बंद होता. त्यांनी येणाऱ्याला जात विचारली नाही. त्यांच्यावर कोणी पुस्तक लिहिले नसेल, तर ते तुमच्यापैकी कोणी लिहावे.

परळला टाटा हॉस्पिटलच्या आसपास फूटपाथवर दूरदूरच्या गावांहून आलेले रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दिसतात. बँकेत पैसे काढायची स्लिप हातात धरून उभी असलेली आजी दिसते. लिहिता येणाऱ्याने तिचा फॉर्म भरून द्यावा. भरताना वाचून दाखवावा, म्हणजे आपण कशावर अंगठा देतो ते तिला कळेल. पाच मिनिटांचे काम. आमच्या मते लेखनाची सुरुवात इथे होते. ज्याला आजीचा फॉर्म भरताना तिचे नाव नीट विचारून, शुद्ध लिहावेसे वाटते, त्याला पुढे माणसांविषयी लिहिता येईल.

आता त्या पत्र लिहिणाऱ्या ताईसाठी आणि भावासाठी. ओळख नाही म्हणून थांबू नका. शिक्षण कमी म्हणूनही थांबू नका. शिपायाची नोकरी केलेला माणूस संमेलनाचा अध्यक्ष झालेला आपण पाहिला. या आठवड्यात एकच करा. जेवणे झाली की घरातल्या सर्वांनी एकत्र बसा आणि वडीलधाऱ्यांना विचारा: गाव सोडताना, काम शोधताना, बाळंतपणात, आजारपणात तुम्हाला कोणत्या अनोळखी माणसाने हात दिला? प्रत्येक घरात अशी एक तरी गोष्ट आहे. आजी सांगेल ती नातवाने तिच्याच शब्दांत वहीत उतरवावी. शुद्धलेखनाची चिंता नंतर. लिहून झाले की आजीला वाचून दाखवावे आणि हे छापायला पाठवू का, असे तिला विचारावे.

ती 'हो' म्हणाली, तर आमच्याकडे पाठवा. आम्ही वाट पाहतो आहोत.