गल्ल्यातला सगळा पैसा आपला नव्हे!

‘धंदा कसा चाललाय?’ असे विचारले की आपली मंडळी उलाढालीचा आकडा सांगतात. पण उलाढाल, मूल्य आणि नफा ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी. जपानचा उपभोग कर, म्हणजे शोहिझेई, हा फरक विसरू देत नाही.

समजा, एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची वर्षाची विक्री, कर वगळून, २ कोटी येन आहे. भाडे, वीज व बाहेरून करून घेतलेली कामे ८० लाखांची. उरलेले १ कोटी २० लाख हे कंपनीने निर्माण केलेले मूल्य. पगार १ कोटी २५ लाख. म्हणजे ५ लाख तोटा. तरीही २०१९ पासूनच्या १० टक्के दराने, सर्वसाधारण पद्धतीत, सुमारे १२ लाख येन कर भरावाच लागतो. पगाराची वजावट ह्या करात नाही.

हा अन्याय नव्हे. ग्राहकांनी कराचे २० लाख दिले, आपण पुरवठादारांना ८ लाख दिले. बाकीचे १२ लाख सरकारचेच. अडचणीच्या महिन्यात त्यातून पगार भागवले, तर पुढे कर्ज काढण्याची पाळी येते.

म्हणून कराची रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात ठेवावी. उलाढालीने हुरळू नये. आणि एका वर्षाच्या तोट्याने धंदा निरुपयोगीही मानू नये. त्यावर काही घरे चाललेली असतात.